विशारद झालेल्या मुलीने अनेक भाषांत अभिनय करायचा तर तयारी कशी करावी

प्रश्न असा आहे: मुलगी संगीत विशारद आहे, राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात तिने दोन गात्या भूमिका केल्या आहेत. आता मराठीबरोबर कोकणी, हिंदी, गुजराती आणि जमलंच तर कन्नड रंगभूमीवर आणि चित्रपटांत काम करायचं आहे. गाण्याचा यात कितपत उपयोग, आणि तयारीला सुरुवात कुठून करावी?

गाण्यामुळे पहिली भूमिका लवकर मिळते. तिसरी-चौथी भूमिका मिळते ती बोलण्यामुळे. म्हणून गळ्याइतकीच, खरं तर त्याहून जास्त, मेहनत बोलण्यावर करावी लागते. विशारदपर्यंत शिकलेल्या मुलीकडे या कामासाठी एक गोष्ट आयती असते, ती म्हणजे तयार कान. तो कान भाषेकडे वळवला तर बाकीच्या अभिनेत्रींना जे वर्षात जमतं ते तिला काही महिन्यांत जमतं. बहुतेकजणी तो वळवतच नाहीत, आणि मग ‘गाणारी नटी’ एवढाच शिक्का बसतो.

आधीच्या पिढ्यांकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. शांता आपटे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात गाणं शिकल्या. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ केली, तेव्हा दोन्हींत नायिकेची भूमिका त्यांचीच होती. त्यात त्या एक इंग्रजी कवितासुद्धा गायल्या आहेत. पुढे १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या आणि नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी. म्हणजे गाण्यात तुलना कोणाशी होणार हे उघड होतं. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. गाता गळा होताच, पण परक्या भाषेत उभं राहायला भाषाच लागली.

ज्योत्स्ना भोळे मूळच्या गोव्याच्या, घरची भाषा कोकणी. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून त्या मराठी रंगभूमीवर आल्या आणि १९४२ च्या ‘कुलवधू’तली त्यांची भानुमती अजून लोकांच्या तोंडी आहे. मास्टर कृष्णरावांच्या चालीतलं ‘बोला अमृत बोला’ सगळ्यांना आठवतं. अभ्यासायचं मात्र निराळंच आहे. या नाटकांत पदं मोजकी होती, छोटी होती आणि प्रसंगातून उगवणारी होती. ‘शाकुंतल’-‘सौभद्र’च्या काळात पदांची संख्या शंभरापुढे जात असे, तेव्हा गद्य थोडं सैल पडलं तरी पुढचं पद सावरून घ्यायचं. पदं कमी झाली तशी अभिनेत्रीची आडोशाची जागा गेली.

आशालता वाबगावकर यांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं. त्याही गोव्याच्या. १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’त सत्यवतीच्या भूमिकेत त्यांनी जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींतली पदं गायली, ‘गर्द सभोंती रान साजणी’ हे त्यांतलंच. पुढे १९८० चा ‘अपने पराये’, १९८२ चा ‘उंबरठा’ असे हिंदी-मराठी चित्रपट आणि मालिका त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. पडद्यावरच्या या भूमिका गात्या नव्हत्या. आई, सासू, जाऊ अशा भूमिकांत गळा उघडायची वेळच येत नाही, तिथे आवाजाचा पोत आणि वाक्य टाकण्याची पद्धत चालते.

चित्रपटात असं का होतं, त्याचं कारण तांत्रिक आहे. १९३५ मध्ये दिग्दर्शक नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ आणि ‘धूप छाँव’ या बंगाली-हिंदी जोडीत पार्श्वगायन आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नटीने स्वतः गायलं पाहिजे ही अट गळून पडली. आज चित्रपटात गाणारी आणि दिसणारी एकच असणं हा अपवाद आहे. त्यामुळे ‘मला गाता येतं’ या वाक्याला रंगभूमीवर जी किंमत आहे ती चित्रपटाच्या कास्टिंगमध्ये नाही. वाईट वाटून घेऊ नये, हिशोब मात्र त्याप्रमाणे मांडावा.

ख्यालाकडून नाट्यपदाकडे

विशारदचा अभ्यासक्रम राग मांडायला शिकवतो. नाट्यपदात राग मांडायला वेळ नसतो. पद चार ते सहा मिनिटांचं, आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य दोन्ही प्रसंगाची, आणि प्रेक्षकाला पहिल्या ओळीतच शब्द कळायला हवेत. ख्यालाच्या सवयीने गाणारी मुलगी ‘आ’कारावर जोर देते आणि व्यंजनं गिळते. उपाय जुना आहे: पद आधी गद्यासारखं, अर्थाच्या वजनाने दहा-बारा वेळा म्हणायचं, मग ठेक्यावर म्हणायचं, मग चालीत. कुठला शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो ते पाहायचं. चालीने सम एखाद्या अव्ययावर टाकली असेल तर नाम किंवा क्रियापद जरा उचलून म्हणायचं, म्हणजे अर्थ सांडत नाही.

जागा, म्हणजे ओळीतल्या सुरांच्या छोट्या नक्षी, किती घ्यायच्या? पहिल्यांदा म्हणताना ध्रुवपदाच्या ओळीत एक, अंतऱ्यात एक किंवा दोन, आणि तान असलीच तर शेवटच्या मुखड्याआधी. बाकीचा माल वन्समोअरसाठी राखून ठेवावा. पहिल्याच फेरीत सगळं ओतलं की वन्समोअरला तेच पुन्हा ऐकवावं लागतं, आणि समोरचा नट तोवर हात बांधून उभा असतो. त्याने काय करायचं हे तालमीतच ठरवून घ्या.

साथीचा फरक मोठा आहे. रियाज तानपुऱ्यावर झालेला असतो, रंगमंचावर ऑर्गन असतो. ऑर्गनचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तानपुऱ्याला सरावलेला गळा तिथे उतरल्यासारखा ऐकू येतो आणि परीक्षक ‘सुरात नाही’ म्हणतात. प्रयोगाच्या निदान तीन आठवडे आधीपासून पदं ऑर्गनवर किंवा पेटीवरच गावीत. आणखी एक अडचण म्हणजे सतत षड्ज (सा) धरून ठेवणारं काही नसतं. गद्य संवादातून एकदम पद उचलायचं तर ऑर्गनवाला संवादाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली सूर देतो. तो शब्द कोणता हे दोघांनी संहितेत लिहून ठेवावं आणि प्रयोगाच्या रात्री तो बदलू नये. उचल चुकण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच असतं की नटीने वाक्य फिरवलं आणि ऑर्गन गप्प राहिला.

पट्टीचं, म्हणजे षड्ज पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा याचं, गणित नीट करा. बहुतेक स्त्री-गळे पांढरी पाच ते काळी पाच या भागात बसतात, पुरुषांचे पांढरी एक-काळी एकच्या आसपास. द्वंद्वपदात दोघांनी एकच षड्ज धरला तर एकाचा गळा कोंडतो. नायकाची काळी एक असेल तर त्याचा मध्यम म्हणजे काळी तीन आणि पंचम म्हणजे काळी चार. यांतला एक सूर नायिकेचा षड्ज धरून तिच्या ओळी बांधता येतात. हे काम संगीतकाराचं आहे, पण तालमीच्या पहिल्याच आठवड्यात विचारायचं काम तुमचं. रुक्मिणीसारख्या बालगंधर्वांच्या भूमिकांची पदं मुळात पुरुषाच्या गळ्यासाठी बसवलेली. पट्टी वर नेली की तार सप्तकातल्या जागा किंकाळीसारख्या होऊ शकतात. तिथे जागा बदलावी, ‘मूळ तसंच’ हा हट्ट धरू नये. (जाणकार रसिक नाराज होतील. ते एरवीही होतातच.)

पदातून गद्यात उतरणं

गात्या अभिनेत्रीची खरी परीक्षा पद संपल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात होते. प्रौढ स्त्रीचा बोलण्याचा सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. काळी चारचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ येतो, म्हणजे आपण साधारण मध्य षड्जाच्या आसपास बोलतो. पद मात्र ४१५ हर्ट्झच्या तार षड्जाभोवती आणि त्याच्याही वर रेंगाळलेलं असतं. त्यामुळे टाळ्या थांबल्यावर पहिलं वाक्य नकळत पंचमावरून निघतं. ते चिरकं लागतं, आणि पुढची दोन मिनिटं सगळा संवाद त्याच उंचीवर अडकतो.

यासाठी करायचा सराव असा. पदाची शेवटची ओळ म्हणा, ओठ मिटून मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद किंवा धैवत गुणगुणा, त्याच सुराजवळून पुढचं गद्य वाक्य सुरू करा. रोज पाच मिनिटं, पंधरवडाभर. मग गुणगुणणं मनातल्या मनात करा. प्रयोगात टाळ्यांच्या चार-पाच सेकंदांत ते सहज होतं. उलट दिशेलाही, गद्यातून पदात जाताना, वाक्याचा शेवट हळूहळू पदाच्या पहिल्या सुराकडे सरकवता येतो. जास्त सरकवला तर वाक्य सुरात म्हटल्यासारखं वाटतं, तेव्हा शेवटचे दोनच शब्द.

दुसरा दोष हेल. गाणाऱ्या मुलींची वाक्यं बहुतेकदा एकाच आकृतीत संपतात, जणू प्रत्येक वाक्याला मुखडा आहे. स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐका. दहांपैकी सात शेवट सारखे असतील तर काम निघालं. त्यावर संगीत नसलेली नाटकं करणं हा सर्वांत चांगला उपाय आहे. वर्षाला एक तरी गद्य नाटक घ्या, भूमिका लहान असली तरी चालेल.

भाषा कानाने कशी शिकायची

क्रम महत्त्वाचा. पाठांतराने सुरुवात करू नका. संहिता हातात आली की आधी प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहा, समोरच्या पात्राच्या वाक्यांखालीसुद्धा. परकी भाषा उघडी पडते ती ऐकताना. स्वतःचं वाक्य बिनचूक म्हणणारी नटी समोरच्याच्या वाक्यात शब्द कळले नाहीत की डोळ्यांनी कोरी होते, आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं. मग ती भाषा घरात बोलणाऱ्या, शक्यतो त्याच वयाच्या आणि पात्राच्याच भागातल्या बाईकडून सगळे संवाद दोनदा ध्वनिमुद्रित करून घ्या: एकदा रोजच्या वेगाने, एकदा सावकाश. आधी नुसती चाल उचला, शब्द न घेता, ‘हं-हं’वर. हा भाग बंदिश उचलण्यासारखा आहे आणि तिथे तुमचं शिक्षण कामाला येतं. मग शब्द. श्वासाच्या खुणा सर्वांत शेवटी.

हिंदीत मराठी माणूस कुठे पकडला जातो ते ठरलेलं आहे. ‘जाना’, ‘जब’, ‘चावल’ यांतले ज आणि च आपण दातांकडे नेतो. हिंदीत ते ‘जीव’ आणि ‘चार’मधल्यासारखे तालव्यच हवेत. ‘है’ आणि ‘और’ यांत आपण दोन स्वर ऐकवतो, तिथे एकच सलग उघडा स्वर लागतो. ‘पहला’, ‘शहर’ यांत ह च्या आधीचा अ थोडा ए कडे झुकतो. नुक्त्याचे ख़, ग़, फ़ पात्र पाहून ठरवावेत. लखनौकडच्या बेगमेला ते हवेत, पूर्वेकडच्या खेड्यातल्या बाईच्या तोंडी घातले तर हास्यास्पद होतं. आणि ‘मेरेको जाना है’ हे वाक्य संहितेत नसलं तरी सेटवर दिग्दर्शक संवाद बदलतो तेव्हा तोंडून निसटतं. ‘मुझे जाना है’ची सवय रोजच्या बोलण्यातच लावायला हवी.

गुजरातीत ळ आणि ण आपल्यासारखेच, त्यामुळे मराठी मुलगी निर्धास्त होते आणि श्वास मिसळलेल्या स्वरांवर चुकते. ‘बहेन’ हा शब्द तिथे जवळजवळ एकाच अक्षरात, स्वरातून हवा सोडत म्हणतात. कन्नडमध्ये ह्रस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे, जोडव्यंजन पुरतं थांबून म्हणायचं आणि शेवटचा अ गिळायचा नाही. झाड या अर्थाचा ‘मर’ हा शब्द देवनागरीत लिहून घेतला की आपण तो ‘मर्’ असा वाचतो आणि वाक्याचा ठेका मोडतो. म्हणून देवनागरीत उतरवताना शेवटच्या पूर्ण अ खाली रेघ मारायची सवय लावा. कोकणीत उघडे-मिटलेले ए-ओ आणि अनुनासिकं यांवर सगळं अवलंबून आहे. शिवाय फोंडा, साष्टी, मालवण, मंगळूर यांची कोकणी एक नाही. कोणत्या गावची हवी ते दिग्दर्शकाला आधी विचारा.

तियात्राचा, म्हणजे गोव्याकडच्या कोकणी गात्या नाटकाचा, मोह होत असेल तर एक सावधगिरी. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या या परंपरेत कांतारं (गाणी) कथानकापासून बरीच स्वतंत्र असतात आणि साथ ट्रंपेट, कीबोर्ड, ड्रम्स अशी पाश्चात्त्य वळणाची. आवाज सरळ, शब्द पुढे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळजवळ नाही. ख्यालाचा गळा तिथे जड वाटतो. आधी सहा महिने तियात्र नुसते ऐकावेत.

वेळेचा अंदाज: हिंदीत चुका काढायला रोज अर्धा तास धरून तीन-चार महिने. गुजराती किंवा कोकणीतल्या मुख्य भूमिकेसाठी तेवढेच, पण सोबत शिकवणारी बाई हवीच. कन्नड किंवा तमिळ रंगभूमीवरच्या मुख्य भूमिकेला सहा-आठ महिन्यांखाली हात घालू नये. चित्रपटाचं वेगळं, तिथे दृश्यागणिक तयारी करता येते आणि डबिंगमध्ये सुधारताही येतं.

कॅमेऱ्यासमोर

गाणं चित्रित होताना आवाज दुसरीचा असला तरी स्वतः मोठ्याने गा. ओठ नुसते हलवले तर गळ्याच्या शिरा, छातीचा श्वास आणि हनुवटी यांचा मेळ बसत नाही, आणि हे जवळच्या शॉटमध्ये कळतं. आदल्या दिवशी ट्रॅक मागून घ्या आणि गायिकेचे श्वास कुठे आहेत ते लिहून काढा. तिथेच श्वास घ्यायचा, स्वतःच्या सोयीने नाही. तानेत जबडा हलवायची सवय असेल तर आरशासमोर घालवा. संथ गतीचा शॉट ४८ फ्रेम्सवर घेतात तेव्हा सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजतं आणि ओठ त्याच वेगाने चालवावे लागतात. लय पक्की असलेल्या मुलीला हे एक-दोन टेकमध्ये जमतं. इथे विशारद वसूल होतं.

डबिंगमध्येही गाणारीला फायदा आहे, स्वतःचाच पायलट ट्रॅक (चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित झालेला कच्चा आवाज) ऐकून सूर आणि लय हुबेहूब पकडता येतात. धोका असा की ती वाक्य नको तितकं गुळगुळीत करते. धाप, आवंढा, अर्धवट तुटलेला शब्द यांना ती दोष समजते आणि काढून टाकते. ते परत घाला, पडद्यावरचा चेहरा ते करतोय.

ऑडिशन, तारखा, गळा

संगीत नाटकाच्या ऑडिशनला तीन गोष्टी न्याव्यात: दीड मिनिटाचं पद, एक मिनिटाचं गद्य स्वगत आणि दोन्ही जोडणारा एक तुकडा. तिसरी गोष्ट फार कमीजणी नेतात. चित्रपटासाठी ओळख-चित्रफितीत गाणं शेवटी, वीस सेकंदांचं. भाषा लिहिताना खरं लिहा: ‘बोलते’, ‘तयारी करून बोलू शकते’ आणि ‘समजते’ असे तीन वेगळे रकाने करा. खोटा दावा पहिल्याच वाचनाला उघडा पडतो.

नाटकात मानधन ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक. मालिका आणि चित्रपटात दिवसावर किंवा ठरावीक रकमेवर. दोन्ही एकत्र करताना भांडण तारखांवरून होतं. नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना, मालिकेला महिन्याचे ठरावीक दिवस हवेत. करारावर सही करण्याआधी लागलेल्या प्रयोगांच्या तारखा लेखी द्या आणि मुंबईबाहेरच्या प्रयोगाला आदला अर्धा दिवस प्रवासाचा धरा. तालमीचे दिवस मानधनात आहेत की नाहीत हेही त्याच कागदावर असू द्या. गात्या भूमिकेला पदांच्या तालमी वेगळ्या लागतात, आणि हे दिवस कोणी मोजत नाही.

गळ्याचं थोडक्यात. एका दिवशी दोन प्रयोग असतील तर मधल्या वेळात गप्पा नकोत. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. सतत खाकरू नका, पाण्याचे घोट घ्या. प्रयोगानंतर मध्यरात्री जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जाडा लागतो. जेवण प्रयोगाआधी, प्रयोगानंतर हलकंच काही, आणि झोपण्याआधी दोन-तीन तासांचं अंतर. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्या. स्वरतंतूंवरच्या गाठी लवकर कळल्या तर बहुतेक वेळा आवाजाच्या विश्रांतीने आणि स्वरोपचाराने उतरतात. त्या अवस्थेतही दौरा पूर्ण करायचा हट्ट धरला तर पुढचा हंगाम जातो, आणि तोवर पर्यायी नटी त्या पदांसकट तयार झालेली असते.